रूळ कोणाचे?

१९९० च्या दशकाच्या शेवटी नागपुरात सीताबर्डी आणि धरमपेठेतल्या कॉम्प्युटर क्लासेसच्या पाट्यांवर 'सी' आणि 'सी प्लस प्लस'च्या खाली एक नवं नाव रंगवलं जाऊ लागलं : जावा. मी तेव्हा कॉलेजात होते. 'एकदा लिहा, कुठेही चालवा' हे सन मायक्रोसिस्टिम्सचं घोषवाक्य आमच्या सरांनी फळ्यावर लिहिलं आणि पुढचा तासभर बाइटकोड म्हणजे काय ते समजावलं. प्रोग्रॅम थेट मशीनच्या भाषेत उतरवायचा नाही. कुठल्याच खऱ्या मशीनची नसलेल्या एका मधल्या भाषेत उतरवायचा. मग प्रत्येक प्रकारच्या कॉम्प्युटरवर ती मधली भाषा जाणणारं 'व्हर्च्युअल मशीन' बसवलं, की तोच प्रोग्रॅम विंडोजवर, युनिक्सवर, मॅकवर जसाच्या तसा चालतो. कल्पना इतकी देखणी होती की आम्ही सगळे तिच्या प्रेमात पडलो. सन ही कंपनी हे सगळं फुकट का वाटते आहे, हा प्रश्न मात्र वर्गात कोणाच्याच मनात आला नाही.

तो पुष्कळ वर्षांनी मला कळमन्यात ऐकायला मिळाला.

आमची कंपनी लहान आहे. गोकुळपेठेत दोन खोल्या आणि मोजकी माणसं. कळमना मार्केट यार्डातल्या संत्र्याच्या एका अडत्यांसाठी, म्हणजे शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून देणाऱ्या काकांसाठी, आम्ही ॲप करत होतो. गाडी आली, माल उतरला, काट्यावर वजन झालं, लिलाव झाला, हमाली-तोलाई वजा होऊन शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, निघाली, खरेदीदाराच्या बिलात अडत, म्हणजे काकांचं कमिशन, चढली, एवढं सगळं त्यात बसवायचं होतं. काम अवघड नव्हतं. अडचण यंत्रांची होती. काकांच्या मुलाकडे आयफोन. स्वतः काका आणि सगळे गाडीवाले अँड्रॉइडवर, तेही साध्या, कमी मेमरीच्या फोनवर. मुनीमजींच्या टेबलावर विंडोजचा जुना कॉम्प्युटर, आणि तो बदलायला ते अजिबात तयार नव्हते. सरळ रस्त्याने गेलं तर आयफोनसाठी स्विफ्ट, अँड्रॉइडसाठी कॉटलिन, विंडोजसाठी सी शार्प. तोच हिशोब तीन भाषांत तीन वेळा लिहायचा. पुढे एक नियम बदलला की तीन ठिकाणी दुरुस्ती, आणि एका ठिकाणी राहून गेली की शेतकऱ्याच्या पट्टीत आणि मुनीमजींच्या वहीत फरक. आमच्यासारख्यांना ते परवडणं शक्यच नव्हतं. आम्ही गूगलचं फ्लटर घेतलं, एकाच कोडातून सगळ्या यंत्रांसाठी ॲप काढून देणारं साधन. डार्ट या एकाच भाषेत लिहिलं आणि तिन्हीकडे चालवलं.

काकांना मी हे मोठ्या उत्साहाने सांगत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, हे गूगलवाले फुकटात देऊन राहिले म्हणता. मग त्यायचं पोट कशावर भरते?"

जन्म बाजारात गेलेल्या माणसाचा तो प्रश्न होता. मी तेव्हा जाहिराती वगैरे काहीतरी सांगितलं. पण प्रश्न मनातून गेला नाही, कारण आमचा सगळा धंदा अशा फुकट मिळालेल्या भाषांवर उभा आहे. डार्ट गूगलची, कॉटलिन जेटब्रेन्सची, टाइपस्क्रिप्ट आणि सी शार्प मायक्रोसॉफ्टच्या, आणि फ्लटरसारखंच साधन असलेलं रिॲक्ट नेटिव्ह फेसबुकने बनवलेलं. ज्या जमिनीवर घर बांधलंय तिचा मालक कोण आणि त्याच्या मनात काय आहे, हे माहीत असायलाच हवं.

नागपूरच्या माणसाला हे समजायला रेल्वे पुरेशी आहे. मुंबईहून निघालेली जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली, ब्रॉडगेजवर, म्हणजे रुंद अंतराच्या रुळांवर. पुढे छत्तीसगडचं धान्य आणण्यासाठी राजनांदगावकडे नागपूर-छत्तीसगड रेल्वे टाकली, ती अरुंद मीटरगेज. म्हणजे छत्तीसगडातून आलेलं पोतं नागपुरात एका वाघिणीतून, म्हणजे मालडब्यातून, उतरवायचं आणि दुसऱ्या वाघिणीत चढवायचं. १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी उभी राहिली ती ही लाइन घेऊन ब्रॉडगेज करायला आणि पूर्वेकडे वाढवायला. सातपुड्याकडच्या नॅरोगेजचा संसार तर आपल्या डोळ्यांदेखत आवरला गेला. इतवारी-नागभीड छोटी गाडी २०१९ पर्यंत धावत होती. गेज एक करण्याचा फायदा सगळ्यांनाच होतो. पण त्यासाठी खिशात हात घालतो तो ज्याचा माल दुसऱ्याच्या रुळापाशी अडलेला असतो. ज्याच्या हातात सगळे रूळ आधीपासून आहेत त्याला कसली घाई?

सॉफ्टवेअरचा इतिहास मी या नजरेने पुन्हा वाचला, तेव्हा पुष्कळ गोष्टी जागेवर बसल्या.

सुरुवात विक्रेत्यांनी केलीच नव्हती, ती गिऱ्हाइकाने केली. १९५९ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडे निरनिराळ्या कंपन्यांचे कॉम्प्युटर होते आणि एकावरचा प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालत नव्हता. त्यांच्या पुढाकाराने कोबोल भाषा ठरली. डिसेंबर १९६० मध्ये कोबोलचा एकच प्रोग्रॅम आरसीए आणि युनिव्हॅक या दोन अगदी वेगळ्या कॉम्प्युटरवर चालवून दाखवला गेला. सगळ्यात मोठा खरेदीदार म्हणाला की आम्हाला हीच भाषा पाहिजे, मग प्रत्येक विक्रेत्याला ती द्यावीच लागली. तिथे माल अडला होता तो सरकारचा.

जावाची गोष्ट मला सगळ्यात जास्त ओढते, कारण तिच्यात कोणाचा माल कुठे अडला होता ते अगदी उघड दिसतं. सन कंपनी वर्कस्टेशन आणि सर्व्हर विकायची, त्यांवर स्वतःचं युनिक्स चालवायची. जेम्स गॉसलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये हे काम सुरू केलं ते घरगुती उपकरणांसाठी. भाषेचं नाव तेव्हा 'ओक' होतं. पण १९९५ पर्यंत जग बदललं होतं. घराघरांतले, कचेऱ्यांतले कॉम्प्युटर विंडोजचे झाले होते. लोक विंडोज घेत कारण सगळे प्रोग्रॅम विंडोजवर होते, आणि प्रोग्रॅम लिहिणारे विंडोजसाठी लिहीत कारण लोक विंडोजवर होते. या चक्रात सनला शिरायला जागा नव्हती. प्रोग्रॅम जावात लिहिले जाऊ लागले तर खाली कोणाची ऑपरेटिंग सिस्टीम आहे याने फरक पडणार नाही, आणि मग सनच्या सर्व्हरलाही दार उघडेल. भाषा फुकट देण्यामागे हा सरळ हिशोब होता.

समोरच्याने तो तितकाच सरळ वाचला. २३ मे १९९५ ला सनने जावा जाहीर केली. २६ मे १९९५ ला बिल गेट्स यांनी इंटरनेटच्या लाटेविषयीचं ते गाजलेलं पत्रक आपल्या अधिकाऱ्यांना पाठवलं. त्यात त्यांची काळजी नेटस्केप ब्राउझरबद्दल होती : ही मंडळी अनेक प्लॅटफॉर्मवर चालणारा थर वर बसवत आहेत, आणि त्याने खालची ऑपरेटिंग सिस्टीम कोणाचीही असली तरी सारखीच, अशी अवस्था येईल. जावाने तो धोका दुप्पट केला. मायक्रोसॉफ्टने जावाचा परवाना घेतला आणि स्वतःची आवृत्ती काढली, जिच्यात फक्त विंडोजवर चालतील अशा जोडण्या होत्या. १९९७ मध्ये सन कोर्टात गेली. २००१ मध्ये २ कोटी डॉलर देऊन तो वाद मिटला, आणि २००४ मध्ये दोन्ही कंपन्यांमधल्या सगळ्या तंट्यांची मिळून जी मोठी तडजोड झाली तिच्यात मायक्रोसॉफ्टने जवळपास २ अब्ज डॉलर मोजले. अमेरिकन सरकारच्या मक्तेदारीच्या खटल्यात न्यायाधीश जॅक्सन यांनी नोव्हेंबर १९९९ मध्ये जे निष्कर्ष नोंदवले, त्यांत नेटस्केप आणि जावा हे विंडोजच्या मक्तेदारीला धोका कसे होते याचं सविस्तर विवेचन आहे. प्रोग्रॅमिंगच्या भाषेला कोर्टाच्या कागदात एवढी जागा मिळावी, यातच तिचं धंद्यातलं वजन कळतं.

आयबीएमचा भाग लोक विसरतात. जावावर आयबीएमने सनइतकाच जीव लावला, आणि कारण तिच्या स्वतःच्या घरातच होतं. मेनफ्रेम, एएस/४००, एआयएक्स, ओएस/२ अशा एकमेकांशी न पटणाऱ्या किती सिस्टीम ती एकाच वेळी विकत होती. एकाच कंपनीच्या आवारात इतकी गेजं. २००१ मध्ये तिने एक्लिप्स हे प्रोग्रॅम लिहिण्याचं साधन सगळ्यांसाठी खुलं केलं. आमच्या पिढीने नागपुरात जावा शिकली ती पुढे त्याच एक्लिप्सवर राबवली.

सनचं मात्र मला वाईट वाटतं. तिची भाषा बँकांमध्ये, विमा कंपन्यांत, सरकारी पोर्टलांत घुसली. तिच्या जोरावर इतरांनी सर्व्हर विकले, सॉफ्टवेअर विकलं. सनचं स्वतःचं दुकान मात्र आटत गेलं, आणि जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलने ती विकत घेतली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओरॅकलने गूगलवर दावा ठोकला, कारण अँड्रॉइडसाठी गूगलने जावाच्या इंटरफेसचा सुमारे ११,५०० ओळींचा भाग वापरला होता. निकाल लागायला २०२१ चा एप्रिल उजाडला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध २ अशा मताने गूगलच्या बाजूने कौल दिला. मधली दहा-अकरा वर्षं जगातल्या बहुतेक फोनांचा पाया कोर्टकचेरीत अडकलेला होता. दुसऱ्याच्या भाषेवर राहण्याची किंमत गूगलएवढी क्वचित कोणी पाहिली असेल.

२०१७ मध्ये गूगलने अँड्रॉइडसाठी कॉटलिनला अधिकृत मान्यता दिली आणि २०१९ मध्ये तिला पहिलं स्थान दिलं. कॉटलिन ही चांगली, नेटकी भाषा आहे आणि ते कारण पुरेसं होतं. तरी त्या निर्णयावर या खटल्याची सावली नसेल असं मला वाटत नाही. अर्थात हा माझा अंदाज.

कॉटलिन जिने बनवली त्या जेटब्रेन्स कंपनीने काकांच्या प्रश्नाचं उत्तर २०११ मध्येच, भाषा जाहीर केली त्या उन्हाळ्यातच, लिहून ठेवलं होतं. ही कंपनी प्रोग्रॅमरांची हत्यारं विकते, इंटेलीजे त्यांतलं मुख्य. त्यांनी स्वच्छ सांगितलं की आम्हाला स्वतःच्या कामासाठी जावापेक्षा चांगली भाषा हवी आहे, आणि ती लोकप्रिय झाली तर इंटेलीजेची विक्री वाढेल अशी आमची अपेक्षा आहे. इतका प्रामाणिक हिशोब मांडणारी कंपनी विरळाच, आणि मला ती त्यासाठी आवडते.

डार्टचा प्रवास वाकडातिकडा. २०११ मध्ये गूगलने ती आणली ती ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टच्या जोडीला, जमलं तर तिच्या जागी. इतर ब्राउझरवाल्यांनी साथ दिली नाही, आणि २०१५ मध्ये क्रोममध्ये डार्ट थेट चालवण्याचा बेत गूगलनेच सोडला. भाषा तिथेच संपायची. डिसेंबर २०१८ मध्ये फ्लटरची पहिली पक्की आवृत्ती आली आणि डार्टला दुसरा जन्म मिळाला. फ्लटरची रचना बघा. ते आयफोनची बटणं वापरत नाही, अँड्रॉइडचीही नाही. पडद्यावरचा ठिपका न् ठिपका स्वतः रंगवतं. रिॲक्ट नेटिव्ह याच्या उलट, त्या त्या फोनची स्वतःची बटणं आणि याद्या वापरतं. कॉटलिन मल्टिप्लॅटफॉर्मचा मूळ विचार तर आणखी वेगळा : मधला हिशोब तेवढा सामाईक ठेवा, तोंडवळा ज्याचा त्याने करावा. या तीन तऱ्हांकडे बघताना मला कंपन्यांचे स्वभाव दिसतात. गूगलला पाहिजे की ॲप लिहिणाऱ्याने अँड्रॉइडला दुय्यम लेखू नये. पूर्वी पैसेवालं गिऱ्हाईक आयफोनवर म्हणून आधी आयफोनचं ॲप निघायचं, अँड्रॉइडचं सवडीने. एकाच कोडातून दोन्ही निघू लागले की तो प्रश्नच राहत नाही. शिवाय गूगलची स्वतःची ॲपं दोन्हीकडे चालवायची असतात. आपण चहाच्या टपरीवर ज्याने पैसे देतो ते गूगल पे त्यांनी फ्लटरमध्ये नव्याने लिहिलं, आणि त्यात घरातली दुहेरी मेहनत वाचली.

फेसबुकचं दुखणं वेगळं. त्यांच्याकडे स्वतःचा फोनच नाही. दुसऱ्या दोन कंपन्यांच्या दारात त्यांचं दुकान. आधी त्यांनी वेबच्या तंत्रावर मोबाइल ॲप चालवून पाहिलं; २०१२ मध्ये झुकरबर्ग यांनी जाहीरपणे मान्य केलं की एचटीएमएल-५ वर इतका भर देणं ही मोठी चूक होती. २०१५ मध्ये रिॲक्ट नेटिव्ह खुलं झालं.

आणि ॲपल? तिच्याकडे यंत्र स्वतःचं, सिस्टीम स्वतःची, दुकान स्वतःचं. एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी फ्लॅशविरुद्ध, म्हणजे वेबवर व्हिडिओ आणि खेळ चालवणाऱ्या ॲडोबीच्या तंत्राविरुद्ध, खुलं पत्र लिहिलं. बॅटरी, सुरक्षा, टचस्क्रीन अशी बरीच कारणं त्यात आहेत, पण सर्वांत महत्त्वाचं म्हणून त्यांनी शेवटी सांगितलं ते असं : प्लॅटफॉर्म आणि डेव्हलपर यांच्या मध्ये तिसऱ्याचा थर आला की ॲपं सुमार होतात, आणि आमच्या नव्या सोयी त्यांच्यापर्यंत केव्हा पोचतील हे त्या तिसऱ्याच्या मर्जीवर राहतं. यातला तांत्रिक मुद्दा खरा आहे, मी तो रोज अनुभवते. नव्या आयफोनमधली एखादी सोय फ्लटरमध्ये यायला वाट पाहावी लागते. पण हे म्हणणारी कंपनी कुठे उभी होती तेही विसरायला नको. गेटाची किल्ली तिच्याच हातात होती.

जागा बदलली की भूमिका कशी बदलते याचं माझ्या पाहण्यातलं सगळ्यात मोठं उदाहरण मायक्रोसॉफ्टच. जावाला विंडोजशी बांधू पाहणारी हीच कंपनी. फोनच्या बाजारात ती हरली, क्लाउडमध्ये, म्हणजे सर्व्हर भाड्याने देण्याच्या धंद्यात, ॲमेझॉनच्या मागे राहिली, आणि सर्व्हरच्या जगात लिनक्स ही खुली ऑपरेटिंग सिस्टीम पसरलेली होती. फेब्रुवारी २०१४ मध्ये सत्या नाडेला प्रमुख झाले. त्याच नोव्हेंबरमध्ये सी शार्प ज्यावर चालते ते डॉटनेट खुलं करून लिनक्स आणि मॅकवर नेण्याची घोषणा झाली. २०१६ मध्ये झामारिन ही कंपनी विकत घेतली, जिचं साधन सी शार्प आयफोन आणि अँड्रॉइडवर चालवायचं. ॲझ्युअर या स्वतःच्या क्लाउडच्या भाड्यावर पोट भरायचं ठरल्यावर प्रोग्रॅम लिनक्सवर चालला काय नि विंडोजवर चालला काय, मीटर फिरतंच. १९९५ ची भीती वीस वर्षांत धंदा झाली होती.

हे सगळं नागपुरात बसून का महत्त्वाचं? कारण या कंपन्या भाषा वाटतात तेव्हा प्रशिक्षित माणसंही तयार होत जातात, आणि ती माणसं आपल्या गल्लीतली आहेत. हिंगणा रोडवरच्या, वानाडोंगरीच्या कॉलेजांतली मुलं रात्री जागून फ्लटर शिकतात, स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या लॅपटॉपवर. नागपूरच्याच मिहानमध्ये किंवा पुण्या-हैदराबादला नोकरी लागेल ही आशा. त्यांच्या या मेहनतीने भाषेला बळ मिळतं, आणि भाषेच्या मालकाला तयार फौज. यात मला अन्याय दिसत नाही, कारण मिळतंही पुष्कळ. अशी भाषा नसती तर गोकुळपेठेतल्या दोन खोल्यांतून तीन प्रकारच्या यंत्रांवर चालणारं काम निघालंच नसतं. ते मोठ्या शहरातल्या मोठ्या टीमचं काम राहिलं असतं. ही देणगी खरी आहे आणि मी तिच्याबद्दल मनापासून कृतज्ञ आहे.

पण मुलांनी मालकाचा हिशोब वाचायला शिकावं असं मला फार वाटतं. ज्या कारणाने भाषा दिली ते कारण सरलं की लक्ष कमी होतं. झामारिनचा आधार मे २०२४ मध्ये संपला. फ्लॅश २०२० च्या अखेरीला गेलं, मायक्रोसॉफ्टचं त्याच जातीचं सिल्व्हरलाइट ऑक्टोबर २०२१ मध्ये. त्यांत आयुष्य घातलेली माणसं मी ओळखते, हुशार माणसं, ज्यांना चाळिशीत पुन्हा पहिलीत बसावं लागलं. म्हणून एका मालकाच्या नसलेल्या गोष्टींकडे माझा ओढा वाढतो आहे. वेबअसेम्ब्ली हे ब्राउझरमधलं नवं मधलं यंत्र २०१७ मध्ये चारही मोठ्या ब्राउझरांत आलं, २०१९ मध्ये अधिकृत मानक झालं, आणि ते कोणा एकाचं नाही. रस्ट भाषेची संस्था २०२१ मध्ये स्थापन झाली तेव्हा ॲमेझॉन, गूगल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला, हुआवे हे बाहेर एकमेकांशी झगडणारे सगळे एकाच पंगतीला बसले. सगळ्यांचाच माल अडतो तिथे कोणा एकाच्या हाती रूळ देणं कोणालाच नको असतं.

आमच्या ऑफिसात यातून एक पद्धत पडली आहे. बाजाराचे नियम, म्हणजे अडत कोणाकडून घ्यायची, तोलाई कशावर लावायची, पट्टीत काय दिसायचं, हे सगळं पडद्याच्या कोडपासून वेगळं ठेवतो. २०१६ मध्ये फळं आणि भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचा नियम राज्यात आला; असे बदल गूगलच्या वेळापत्रकाने होत नसतात, आणि फ्लटरच्या आवृत्त्या बाजार समितीला विचारून निघत नाहीत. नवीन मुलगा किंवा मुलगी रुजू झाली की पहिले काही दिवस तिला फ्लटरला हात लावू देत नाही. आधी तो हिशोब साध्या डार्टमध्ये लिहायचा, मग तोच कॉटलिनमध्ये, आणि दोन्हीकडून एकच आकडा यायला हवा. मुलं कुरकुरतात, इंटरव्ह्यूत तर फ्लटर विचारलं होतं म्हणतात. मी त्यांना संत्र्याच्या अंबिया बहाराच्या हंगामातल्या गर्दीतल्या पट्ट्यांचा एक गठ्ठा काढून देते आणि सांगते, आधी या जुळवा.